घोडा एकटा आजारी पडत नाही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लोक घोड्यांचे डॉक्टर म्हणून ओळखत. पण घोडा तपासायला बोलावले तरी ते आधी शेजारच्या गोठ्यात डोकावत, अशी त्यांची ख्याती होती. आजच्या विषयाची निवड करताना ही सवय माझ्या मनात होती.

घोड्यांच्या परोपजीवी आजारांवर बोला, असे संयोजकांनी सुचवले. यादी लांबलचक आहे. आतड्यातले स्ट्राँगाइल जंत आहेत, जठराच्या भिंतीला चिकटून बसणाऱ्या बॉट माशीच्या अळ्या आहेत, गोचिडांमार्फत रक्तात शिरणारे बबेसिया आणि थायलेरिया आहेत. सगळ्यांना एका तासात बसवायचे तर नुसती हजेरी घेतल्यासारखे होईल. म्हणून मी एकच आजार घेतला आहे: सर्रा. घोड्याला मारणारा, उंटाला वर्षानुवर्षे झिजवणारा आणि गाई-म्हशीत बहुधा गुपचूप राहणारा. घोड्याचा सर्रा घोड्यापाशी सुरू होत नाही आणि घोड्यापाशी संपतही नाही, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी थोडा इतिहास, थोडी जीवशास्त्राची माहिती आणि शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगेन.

डेरा इस्माईल खान, १८८०

सिंधू नदीच्या काठचे डेरा इस्माईल खान हे तेव्हा पंजाब सरकारच्या अखत्यारीतले लष्करी ठाणे होते. आज ते पाकिस्तानात आहे. दुसऱ्या अफगाण युद्धाचे दिवस. घोडदळाचे घोडे आणि रसद वाहणारे उंट झिजून मरत होते. ताप येई, उतरे, पुन्हा येई. पायांना आणि पोटाखाली सूज चढे. चंदी खाऊनही हाडे वर येत. मोतद्दार आणि उंटवाले या आजाराला सर्रा म्हणत. छडा लावण्यासाठी सरकारने ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाला तिथे पाठवले.

एव्हान्स वेल्सचे. जन्म १८३५चा. १८५५ साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातून ते पशुवैद्यक झाले, तोफखान्याबरोबर कॅनडात गेले आणि नोकरी करता करता १८६४मध्ये मॅकगिल विद्यापीठाची वैद्यकीची पदवीही त्यांनी मिळवली. म्हणजे जनावरांचे आणि माणसांचे, दोन्ही वैद्यक शिकलेला हा गृहस्थ होता. सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात बसलेला होता.

त्यांनी आजारी घोड्याचे ताजे रक्त काचपट्टीवर घेतले आणि भिंगाखाली ठेवले. तांबड्या पेशींच्या गर्दीत एक सडपातळ, निमुळता जीव सळसळत होता आणि जाता जाता पेशींना धक्के देत होता. घोड्यांमध्ये तो सापडला, उंटांमध्येही सापडला. एव्हान्स तिथे थांबले नाहीत. आजारी जनावराचे रक्त त्यांनी निरोगी जनावरांना दिले. ती आजारी पडली आणि त्यांच्याही रक्तात तोच जीव दिसला. आजारात जंतू सापडतो, तो दुसऱ्यात घातला की तोच आजार होतो आणि तिथे तोच जंतू पुन्हा सापडतो. याहून सरळ पुरावा काय हवा?

पण पुरावा समोर असणे निराळे आणि तो मानला जाणे निराळे. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी दोन वर्षे आधी, १८७८मध्ये, उंदरांच्या रक्तात याच कुळातले जीव पाहिले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. त्यावरून वरिष्ठ वर्तुळात असा निष्कर्ष निघाला की रक्तातले असे जीव निरुपद्रवी असतात. आजारी शरीरात ते आयते फोफावतात, आजार मात्र त्यांनी आणलेला नसतो. एव्हान्स यांचा अहवाल छापला गेला आणि बाजूला पडला. उंदरातला जीव उंदराला त्रास देत नाही, म्हणून घोड्यातला जीव घोड्याला त्रास देणार नाही, हा त्या काळच्या विद्वानांचा तर्क होता. एकाच कुळातला परोपजीवी एका यजमानात सभ्यपणे राहतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो, ही शक्यता कुणी धरलीच नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या. तो पुन्हा लागणार आहे.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याच १८८० साली अल्जीरियात लाव्हेराँ यांना माणसाच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी दिसला. क्षयाचा जंतू कॉख यांनी जाहीर केला तो १८८२मध्ये. आफ्रिकेतल्या नगाना या जनावरांच्या आजाराचे मूळ ट्रिपॅनोसोमात, म्हणजे याच कुळातल्या जीवात, आहे, हे डेव्हिड ब्रूस यांनी झुलुलँडमध्ये दाखवले ते १८९४-९५च्या सुमारास. म्हणजे सस्तन प्राण्यात रोग निर्माण करणारा पहिला ट्रिपॅनोसोम सापडला तो आफ्रिकेत नव्हे, आपल्या उपखंडात, एका आजारी घोड्याच्या रक्तात. शास्त्रीय नावात एव्हान्स आजही आहेत: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

परळ आणि पुणे

या कथेत आपल्या भागाचाही वाटा आहे. १८८५मध्ये ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांत असाच आजार पसरला. तपासाला गेलेल्या जॉन हेन्री स्टील यांना तोच जीव दिसला. त्यांनी तो स्पायरोकीट वर्गातला मानला, ही त्यांची समजूत पुढे टिकली नाही. पण त्याला एव्हान्स यांचे नाव दिले ते त्यांनीच. दुसऱ्याच वर्षी, १८८६मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाच्या आवारात जे पहिले विद्यार्थी शिकले, त्यांच्या गुरूने सर्राचा जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८९मध्ये, पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे हे मूळ. प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर मोठे काम केले आणि घोड्यांवर सोमलाचे उपचार करून पाहिले. प्रयोगशाळा पुढे कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. तिथे लेनर्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रयोगाने दाखवून दिले की टॅबॅनस जातीच्या मोठ्या गोमाशा आजारी जनावराला चावून लगेच निरोगी जनावराला चावल्या, तर सर्रा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सरहद्दीवरचे लोक हे आधीपासूनच म्हणत आले होते. पावसाळ्यातल्या मोठ्या माशीकडे ते बोट दाखवत. प्रयोगशाळेने त्यांच्या म्हणण्यावर शिक्का मारला, एवढेच.

एव्हान्स निवृत्त होऊन वेल्सला परतले. लिव्हरपूलच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनने १९१७मध्ये त्यांना मेरी किंग्सले पदक दिले. शोध लागला तेव्हा ते पंचेचाळिशीत होते, हा मान मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. शंभर वर्षांचे आयुष्य लाभले म्हणून त्यांना तो पाहता तरी आला. १८८० ते १९१७ या काळात किती घोडे गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

माशी नेमके काय करते

हिवतापाचा परोपजीवी डासाच्या शरीरात वाढतो, रूपे बदलतो. आफ्रिकेतला ट्रिपॅनोसोमा ब्रुसी त्सेत्से माशीच्या शरीरात असाच वाढतो. सर्राचा परोपजीवी त्याच ब्रुसीचा वंशज आहे. पण माशीच्या आत जगण्यासाठी लागणाऱ्या जनुकद्रव्याचा एक भाग त्याने वाटेत गमावला. त्यामुळे त्सेत्सेच्या शरीरात त्याला थारा नाही. हे नुकसान त्याच्या पथ्यावरच पडले. त्सेत्से आफ्रिकेबाहेर राहत नाही, म्हणून ब्रुसीही आफ्रिकेत अडकला. त्सेत्सेची गरज संपल्यावर सर्रा मात्र मोकळा झाला. उंटांच्या तांड्यांबरोबर तो उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान ओलांडत आशियात आला, पुढे जहाजांतून दक्षिण अमेरिकेतही पोहोचला. तिथे तर रक्तपिपासू वटवाघळेही त्याचा प्रसार करतात.

आपल्याकडे हे काम टॅबॅनस गोमाशी करते आणि तबेल्यातली स्टोमॉक्सिस ही चावरी माशी तिला हातभार लावते. टॅबॅनसची मादीच रक्त पिते. तिचे मुखांग सुईसारखे नाजूक नसते. ते कातडी चिरते आणि साचलेले रक्त चाटते. हा चावा झोंबतो. घोडा शेपटी मारतो, कातडी थरथरवतो, पाय आपटतो. अर्धवट जेवलेली माशी उडते आणि शेजारच्या जनावरावर बसून उरलेले जेवण पुरे करते. तिच्या मुखांगाला लागलेले रक्त अजून ओले असते आणि त्यातले परोपजीवी थोडा वेळ जिवंत असतात. एवढा वेळ पुरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: संसर्गाला जवळपणा लागतो. एका दावणीला, एका पाणवठ्यावर, एका रानात उभी असलेली जनावरे धोक्यात येतात. दुसरी: माशीला घोडा आणि म्हैस हा भेद ठाऊक नाही. म्हशीवर सुरू झालेले जेवण ती घोड्यावर संपवते. आपण खात्यांत, योजनांत आणि पुस्तकांच्या प्रकरणांत जनावरे वेगळी केली आहेत. माशीने ती केलेली नाहीत. ओल्या चिखलात आणि पाणथळ कडेला तिची पैदास होते, त्यामुळे पावसाळ्यात आणि तो सरतानाच्या महिन्यांत तिचा जोर असतो. त्यानंतरच्या आठवड्यांत घोडे झुरताना दिसू लागले, तर त्यात नवल नाही.

रक्तातला बहुरूपी

अंगात शिरलेल्या जंतूला शरीर ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. सर्राच्या परोपजीवीविरुद्धही ती तयार होतात आणि पहिली फळी गारद करतात. ताप उतरतो, घोडा खायला लागतो, मालकाला हायसे वाटते. पण या परोपजीवीच्या अंगावर प्रथिनाचे एक दाट आवरण असते आणि ते बदलणारी जनुके त्याच्याकडे शेकड्यांनी असतात. शरीर एका सोंगाला ओळखेपर्यंत काही परोपजीवी दुसरे सोंग चढवून बसलेले असतात. गावात रोज नवे सोंग घेऊन येणाऱ्या बहुरूप्याला पहिल्या दिवशीच्या पोशाखावरून ओळखता येत नाही, तसेच हे. मग पुन्हा ताप, पुन्हा प्रतिपिंडे, पुन्हा नवे आवरण.

सर्रावर लस नाही याचे कारण हेच. आजारी घोड्याच्या रक्तात परोपजीवी कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, याचेही कारण हेच. ताप नसलेल्या दिवशी घेतलेली काचपट्टी स्वच्छ निघाली म्हणून घोडा स्वच्छ ठरत नाही. ताप चढलेला असताना, कानाच्या कडेला टोचून घेतलेला ताज्या रक्ताचा थेंब जास्त बोलतो. शंका असली तर रक्त सेंट्रिफ्यूज करून पांढऱ्या पेशींच्या थराजवळ शोधावे. तरी दिसला नाही तर प्रतिपिंडांची चाचणी आहे, पीसीआर आहे. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी या चाचण्या होतात. शास्त्राकडे साधन नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही.

घोड्यात एक, म्हशीत दुसरे

घोडेवाल्यांसाठी आता लक्षणे नीट सांगतो. ताप राहून राहून येतो. खाणे बरे असूनही घोडा उतरत जातो. डोळ्यांच्या आणि हिरड्यांच्या आतली त्वचा फिकट पडते, डोळ्याच्या तिसऱ्या पापणीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसू शकतात. अंगावर गांधी उठतात आणि जातात. पायांवर, छातीखाली, पोटाखाली, नर घोड्यात लिंगाच्या आवरणावर सूज येते. बोटाने दाबली तर खळी राहते. पुढे मागचे पाय दगा देतात. घोडा चालताना झोकांड्या खातो, वळताना मागचा भाग एका बाजूला ढळतो. उपचार मिळाला नाही तर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत तो मरतो. कुत्र्यातही सर्रा असाच तीव्र असतो. डोळ्यांच्या बुबुळांवर धुके येणे ही त्याची एक ओळखीची खूण.

उंटात गती मंद. आजार वर्षानुवर्षे रेंगाळतो. राजस्थानातले उंटपाळ त्याला तिबरसा म्हणतात. आणि गाई-म्हशीत? आपल्याकडे बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. दूध थोडे कमी होते, एखादी म्हैस गाभडते, एखादी नीट माजावर येत नाही. मालक चाऱ्याला किंवा नशिबाला बोल लावतो. क्वचित श्रमाने, उपासमारीने किंवा दुसऱ्या आजाराने खंगलेल्या म्हशीत सर्रा एकदम उसळतो. ती गोल गोल फिरते, भिंतीला डोके लावते आणि मरते. एरवी परोपजीवी अगदी कमी संख्येने रक्तात राहतो. सर्रा असलेल्या म्हशींत घटसर्पाच्या लसीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, असेही प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे गुपचूप असणे म्हणजे फुकट असणे नव्हे.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा इथे लागतो. १८८०च्या विद्वानांनी निरोगी उंदराकडे पाहून घोड्याचे निदान फेटाळले. आज आपण म्हशीच्या बाबतीत जवळजवळ तेच करतो. म्हैस रवंथ करते आहे, दूध देते आहे, म्हणून तिच्यात सर्रा नाही असे धरून चालतो. आणि तिच्या शेजारी घोडा मेला की त्याला वेगळी घटना समजतो.

घोड्याच्या बाबतीत असे एकदाच घडलेले नाही. कुमरी या जुन्या आजाराचे पाहा. घोड्याचा मागचा भाग लुळा पडतो, अंगात ताप नसतो, खाणे चालू असते. त्यामागे सेटारिया डिजिटाटा नावाचा धाग्यासारखा जंत आहे. त्याचे खरे घर गाई-म्हशींचे पोट. तिथे तो सहसा कुणाला त्रास देत नाही. त्याची पिल्ले डासामार्फत घोड्यात गेली की वाट चुकतात, मज्जारज्जूत शिरतात आणि घोड्याला आडवे करतात. परोपजीवी वेगळा, कीटक वेगळा, रचना तीच: गोठ्यात शांतता आणि तबेल्यात मरण. निदान करताना या दोन आजारांची गल्लतही होते, कारण दोन्हींत मागचे पाय जातात. रक्त तपासले तर ती टळू शकते.

वाघ आणि माणूस

सर्राची पोहोच किती आहे हे दाखवणाऱ्या दोन घटना. २०००च्या जुलैमध्ये भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काही दिवसांच्या आत डझनभर वाघ दगावले. त्यांत पांढरे वाघही होते. कारण निघाले ट्रिपॅनोसोमाचे. मांसाहारी प्राण्यांना हा संसर्ग माशीच्या चाव्यातून होतो, तसाच आजारी जनावराचे ताजे कच्चे मांस खाल्ल्यानेही होऊ शकतो. मेलेला घोडा कुत्र्यांपुढे टाकू नये, हे एवढ्यासाठी.

दुसरी घटना आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली. २००४मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला ताप येत होता, जात होता, पुन्हा येत होता. रक्ताच्या काचपट्टीवर जे दिसले ते हिवतापाचे नव्हते. तो सर्राचा परोपजीवी होता. माणसात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीचा संसर्ग रीतसर सिद्ध झाल्याची भारतातली ही पहिली नोंद. सुरामिन हे औषध मागवून उपचार झाले आणि रुग्ण बरा झाला. मग प्रश्न उभा राहिला: गावोगाव सर्रा असलेल्या जनावरांबरोबर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मग ती आजारी का पडत नाहीत? उत्तर त्याच रुग्णाच्या रक्तात सापडले. माणसाच्या रक्तात एपीओएल१ हे प्रथिन असते आणि ते या परोपजीवीला मारते. या रुग्णात जनुकातल्या बिघाडामुळे ते प्रथिन तयारच होत नव्हते. आपण बहुतेक सारे या प्रथिनाच्या आडोशाने सुरक्षित आहोत. घाबरण्याचे कारण नाही. पण निदान कुणामुळे झाले ते पाहा. ताप आहे म्हणजे हिवतापच, असे न म्हणता भिंगातून नीट पाहणाऱ्या माणसामुळे. घोड्यांना तेवढे तरी मिळायला हवे.

मग करायचे काय

आता व्यवहाराकडे येतो. मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट सुईआधी काचपट्टीची. ताप असलेल्या घोड्याला ताप उतरवण्याचे आणि ताकदीचे इंजेक्शन देऊन मोकळे होण्याची घाई असते. मालकालाही तेच हवे असते. ताप उतरला की परोपजीवी रक्तातून गेला, असे होत नाही. दोन थेंब रक्त, एक काचपट्टी, एक साधा सूक्ष्मदर्शक. तालुक्याच्या दवाखान्याला हे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट औषधाची. क्विनापायरामिन गेल्या शतकाच्या मध्यापासून आपल्याकडे वापरात आहे आणि आजही मुख्य आधार तेच आहे. ते वजनाच्या हिशेबाने, पूर्ण मात्रेत द्यावे लागते. घोड्याला त्याचा त्रास होतो. लाळ गळते, घाम येतो, पोट दुखते, टोचल्या जागी सूज येते. हे पाहून मालक घाबरतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना म्हणतो, जरा कमीच द्या. कमी मात्रेने घोडा वाचल्यासारखा दिसतो, पण उरलेले परोपजीवी औषधाला सरावतात. शिवाय आजार मेंदूपर्यंत गेला असेल, तर तिथे औषध नीट पोहोचत नाही आणि आजार उलटतो. म्हणून उपचार लवकर, पुरेसा आणि देखरेखीखाली. आणि एकाच सुईने ओळीने घोडे टोचणे तर सोडूनच द्या. माशी करते तेच काम ती सुई करते.

तिसरी गोष्ट गोठ्याची. एका घोड्यात सर्रा सापडला तर त्याच आठवड्यात आसपासच्या गाई-म्हशी, उंट, गाढवे आणि कुत्रे यांचे रक्त घ्यायला हवे. ज्यांच्यात निघेल त्यांच्यावर उपचार, मग ती बाहेरून कितीही धडधाकट दिसोत. घोड्यावर उपचार करायचे आणि शेजारची म्हैस तशीच ठेवायची, म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तजवीज करून ठेवण्यासारखे आहे. माश्यांचा पूर्ण नायनाट होणार नाही. पण शेण वेळच्या वेळी हलवणे, तबेल्यामागचा चिखल आटवणे, संध्याकाळी धूर करणे, जाळी लावणे आणि घोड्यांची दावण म्हशींच्या दावणीपासून दूर ठेवणे, एवढ्याने चाव्यांची संख्या घटते. दावणींतले अंतर वाढवायला तर पैसाही पडत नाही.

चौथी गोष्ट बाजारांची. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे सारे एकत्र येतात. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार असतो. दूरदूरची जनावरे काही दिवस एकमेकांना खेटून उभी राहतात आणि मग चहूकडे पांगतात. पावसाळ्यात संसर्ग झालेले, वरून बरे दिसणारे जनावर तिथे विकले जाणे अवघड नाही. ग्लँडर्स या आजारासाठी घोड्यांचे रक्त घेण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच वेळी घेतलेल्या रक्तातून सर्राचीही चाचणी का करू नये? घोड्याला दुसऱ्यांदा टोचावे लागणार नाही, मालकाचा दुसरा दिवस मोडणार नाही. मात्र चाचणीत दोष निघाला तर मालकाला उपचार मोफत मिळाले पाहिजेत आणि घोडा हातातून जाणार नाही याची हमी मिळाली पाहिजे. नाहीतर लोक चाचणीच्या तंबूला वळसा घालून जातील आणि त्यांना दोष देता येणार नाही. वरातीच्या घोडीवर किंवा माथेरान-महाबळेश्वरच्या एका तट्टावर अख्खे घर चालते. त्या घराला आपण आधी तोटा दाखवला आणि मग सहकार्य मागितले, तर ते मिळणार कसे?

घोडे उरलेत किती?

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देतो. तो मला खात्यातल्या मित्रांकडूनही ऐकावा लागतो. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२मध्ये ती ६ लाखांच्या वर होती. गाढवांची संख्या तर त्याच काळात ३.२ लाखांवरून १.२ लाखांवर आली. मग इतक्या थोड्या जनावरांच्या आजारावर पैसा आणि माणसे का घालायची, असा प्रश्न येतो. गाई-म्हशींच्या कोट्यवधी संख्येपुढे तो रास्तही वाटतो.

पण गाई-म्हशींच्या हिशेबानेच पाहा. घोडे कमी झाले म्हणून सर्रा कमी झालेला नाही. तो जिथे राहतो ती जनावरे जिथल्या तिथे आहेत. कमी झाले आहेत ते त्याची खबर देणारे. ज्या वस्तीत पूर्वी दोन-चार घोडे होते, तिथे पावसाळ्यानंतर एक घोडा झुरू लागला की लोकांना कळे, यंदा सर्रा आहे. आता त्या वस्तीत घोडाच नाही. म्हशीचे दूध घटते, वासरे वेळेवर होत नाहीत, लस दिलेले जनावरही घटसर्पाने जाते, आणि कारण कुणाला सापडत नाही. म्हणून प्रत्येक आजारी घोड्याचा तपास हा त्या वस्तीतल्या सगळ्या जनावरांचा तपास समजला पाहिजे. त्यावरचा खर्च घोड्याच्या खात्यावर मांडणे हा हिशेबातला दोष आहे. तो गोठ्याच्या खात्यावर मांडा, म्हणजे तो किती किरकोळ आहे ते दिसेल.

या सभागृहात पशुवैद्यकीचे विद्यार्थी बरेच दिसतात. तुम्ही उद्या दवाखान्यात बसाल तेव्हा ताप असलेला घोडा समोर आला, तर त्याचे रक्त घ्याच. आणि मालकाला पहिला प्रश्न हा विचारा, की याच्या शेजारी कोणती जनावरे बांधता? उत्तर वहीत लिहून ठेवा आणि त्या जनावरांपर्यंत जा. एवढे केलेत तर या व्याख्यानमालेला ज्यांचे नाव आहे त्यांचे काम पुढे गेले असे मी समजेन.